उलट दिशेची गाडी

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला गुजरातच्या सीमेला भिडलेले डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके वाहतुकीच्या नकाशावर इतके ठळक दिसतात की, तेथे पोहोचणे ही अडचणीची गोष्ट असू शकेल अशी शंकाही दूरच्या माणसाला येऊ नये. मुंबईला गुजरातशी जोडणारा, तेव्हाच्या बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ पासून याच पट्ट्यातून जातो. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजून असलेला ‘आठ नंबर’, त्याच्या पूर्वेकडून जातो. आणि अलीकडच्या वर्षांत केवळ मालगाड्यांसाठी बांधण्यात येणारा समर्पित मालवाहतूक मार्ग, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वे अशी आणखी तीन मोठी कामे याच जमिनीवर उभी राहत आहेत. अतिजलद रेल्वेची महाराष्ट्रातील स्थानके वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार असून त्यानंतर गाडी थांबणार आहे ती थेट वापीला. म्हणजे डहाणू आणि तलासरीच्या वाट्याला रुळांचे खांब येतील, फलाट येणार नाही. इतके रस्ते आणि रूळ ज्या भूभागावरून जातात, त्याच भूभागातल्या एखाद्या डोंगराच्या पायथ्याशी स्वतःची मोटार नसलेल्या माणसाने रविवारी सकाळी कसे पोहोचावे आणि संध्याकाळी कसे परतावे, या साध्या प्रश्नाचे उत्तर मात्र यांपैकी एकाही प्रकल्पाच्या आराखड्यात सापडत नाही.

या भूभागाची रचना तीन उभ्या पट्ट्यांची आहे. पश्चिमेला डहाणूपासून बोर्डीपर्यंत सुमारे १७ किलोमीटर पसरलेला उथळ समुद्रकिनारा, त्यामागची सुरूची बने आणि चिकूच्या वाड्या. मधल्या सपाटीत लोहमार्ग आणि त्यालगत वाढलेली गावे. आणि महामार्गाच्या आजूबाजूला व त्याच्या पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याचे सुटे सुटे डोंगर, साग-खैराची जंगले आणि वारल्यांचे पाडे. हा निसर्ग आजवर टिकला यामागे एक कायदेशीर कारणही आहे. केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला, तालुक्यातील औद्योगिक जमिनीवर ५०० एकरांची मर्यादा घातली आणि प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. कारखान्यांना अटकाव करणाऱ्या या व्यवस्थेने हिरवाई राखली, परंतु ती हिरवाई पाहायला, तिच्यात हिंडायला कोणी कसे यावे, हा विषय त्या चर्चेत बहुधा गौणच राहिला.

‘निसर्गात हिंडणे’ म्हटले की मुंबईहून मोटारीने येणारे सुखवस्तू कुटुंब डोळ्यांसमोर येते आणि मग सार्वजनिक वाहतुकीची चर्चा अनावश्यक लाडाची वाटू लागते. वस्तुस्थिती निराळी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरी तालुक्यातील सुमारे ९० टक्के आणि डहाणू तालुक्यातील दोनतृतीयांशांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत, आणि त्यांतील बहुसंख्यांच्या दारात मोटार नाही. कासा-सायवन भागातील आश्रमशाळेच्या मुलांनी समुद्र पाहावा, डहाणूच्या बंदरपट्ट्यातील मच्छीमार कुटुंबाने एकदा डोंगर चढावा, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराने सुट्टीचा दिवस सुरूच्या सावलीत घालवावा, हेही विहाराचेच प्रकार आहेत. किंबहुना मोटारवाल्याला जी सोय आपोआप मिळते, ती सार्वजनिक पैशाने ज्यांना द्यावी असे लोक हेच आहेत.

या दृष्टीने डहाणूच्या वाट्याला आलेला सर्वांत मोठा बदल म्हणजे एप्रिल २०१३ मध्ये विरारपर्यंत येणारी उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, हा होय. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटरवर आणि डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटरवर असल्याने या एका विस्ताराने पश्चिम रेल्वेची उपनगरी हद्द जवळपास दुप्पट झाली, आणि अंधेरी किंवा बोरिवलीच्या माणसाला एकाच साध्या तिकिटावर डहाणूच्या किनाऱ्यापर्यंत येणे शक्य झाले. मात्र या सोयीला एक आंतरिक मर्यादा आहे. विरारच्या पुढे बराच काळ दोनच रूळ होते आणि त्यांवरून लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या अशा सगळ्यांनाच धावावे लागत असल्याने लोकलच्या फेऱ्या वाढवण्याला जागाच नव्हती. म्हणून २०१६ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात विरार-डहाणू या ६४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचा, म्हणजे आणखी दोन रूळ टाकण्याचा, समावेश करावा लागला. असलेल्या फेऱ्याही आखल्या गेल्या त्या पालघर-डहाणूच्या नोकरदाराला सकाळी मुंबईच्या दिशेने नेण्यासाठी आणि संध्याकाळी घरी आणण्यासाठी. विहाराला निघालेल्या माणसाची दिशा याच्या नेमकी उलट असते. त्यात रविवार हा रेल्वेच्या दुरुस्तीचा वार असल्याने रूळ व सिग्नलच्या कामासाठी काही तास वाहतूक रोखून धरणारे ‘ब्लॉक’ त्याच दिवशी घेतले जातात. ज्या दिवशी लोकांना सुट्टी असते, त्या दिवशी गाडीची शाश्वती सर्वांत कमी असते, असा हा उफराटा हिशेब आहे.

किनाऱ्याच्या पट्ट्यात हा उफराटेपणा फारसा जाणवत नाही, कारण तेथे अंतरे लहान आहेत. डहाणू रोड स्थानकातून पारनाक्याचा किनारा रिक्षाने काही मिनिटांत आणि सवयीच्या चालणाऱ्याला पायीही गाठता येतो. तेथून नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी ही गावे किनाऱ्याच्या रस्त्याने ओळीने लागतात आणि या रस्त्यावर एसटी आणि शेअर रिक्षा दोन्ही धावतात. घोलवड हे २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या चिकूचे गाव. तेथे स्वतःचे रेल्वे स्थानक असून बोर्डी तेथून अवघ्या तीन-चार किलोमीटरवर आहे. परंतु लोकल डहाणू रोडलाच संपत असल्याने घोलवडला उतरण्यासाठी विरार किंवा बोरिवलीहून वलसाडच्या बाजूला जाणारी पॅसेंजर अथवा मेमू गाडी पकडावी लागते. मेमू म्हणजे लोकलसारखीच, स्वतःच्या विद्युत-मोटारींवर चालणारी, परंतु थोड्या लांब पल्ल्याची आणि छोट्या स्थानकांवरही थांबणारी गाडी. दिवसभरातल्या तिच्या मोजक्या फेऱ्या डोक्यात पक्क्या असल्या तर बोर्डीचा दिवस सुखाचा जातो, आणि एखादी चुकली तर डहाणूपर्यंत रिक्षा करावी लागते, इतकाच काय तो फरक.

खरी अडचण सुरू होते ती लोहमार्गाच्या पूर्वेला वळल्यावर. मुख्य वाहन सोडल्यानंतर इच्छित स्थळापर्यंत उरणाऱ्या शेवटच्या आठ-दहा किलोमीटरांची सोय येथे प्रामुख्याने जीप, ईको आणि सहा आसनी रिक्षा करतात, आणि ही व्यवस्था कशी चालते हे समजण्यासाठी कायद्यातील एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ठरलेल्या मार्गावर जागोजागी उतारू चढवत-उतरवत, प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेत जाणे ही ‘टप्पा वाहतूक’ होय, तर संपूर्ण वाहन एकाच करारावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे ही ‘कंत्राटी वाहतूक’ होय. महाराष्ट्रात टप्पा वाहतुकीचा अधिकार, शहरांतील परिवहन सेवा वगळता, प्रामुख्याने राज्य परिवहन महामंडळाकडे, म्हणजे एसटीकडे, आहे. महामार्गावरच्या चारोटी नाक्यावर ‘कासा, कासा’ अशी आरोळी देत भरणारी जीप प्रत्यक्षात टप्पा वाहतूक करते, पण तिच्याकडे तसा परवाना क्वचितच असतो; म्हणून ती ‘अवैध प्रवासी वाहतूक’ ठरते. परिणामी हजारो लोकांना रोज इच्छित स्थळी पोहोचवणाऱ्या या वाहनांचे वेळापत्रक कोठेही लिहिलेले नाही, कारण कागदोपत्री जी सेवा अस्तित्वातच नाही तिचे वेळापत्रक लावणार कोण? स्थानिक माणसाला शेवटची जीप केव्हा सुटते हे पाठ असते, बाहेरच्या माणसाला ते नाक्यावरच्या चहावाल्याला विचारावे लागते. चहावाल्याचे उत्तर सहसा अचूक असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु घरून निघण्याआधी ते मिळत नाही.

एसटीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ग्रामीण मार्गावरची एसटी ज्या पद्धतीने आखली जाते तिचा कणा म्हणजे ‘मुक्कामी गाडी’: रात्री शेवटच्या गावी जाऊन तेथेच थांबणारी आणि पहाटे त्या गावातील माणसांना तालुक्याच्या ठिकाणी आणणारी. चालक-वाहक त्या गावच्या चावडीत किंवा देवळात पथारी टाकतात. दूधवाला, भाजीवाली, तहसिलीत काम असलेला शेतकरी आणि महाविद्यालयातले विद्यार्थी यांच्यासाठी ही योजना इतकी शहाणपणाची आहे की तिच्यात बदल सुचवण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या जुन्या गिर्यारोहकांच्या पिढ्यांनीही या मुक्कामी गाड्यांचाच आधार घेतला. शुक्रवारी-शनिवारी रात्री गावात उतरायचे, देवळात झोपायचे आणि उजाडताच गड चढायला घ्यायचा, ही पद्धत मोटारी दुर्मीळ असण्याच्या काळात रुळली. ज्याला एका दिवसात जाऊन यायचे आहे, त्याला मात्र ही गाडी पुन्हा उलट्या दिशेची ठरते, कारण सकाळी ती गावातून बाहेर येत असते आणि संध्याकाळी गावाकडे जात असते.

येथे आणखी दोन गोष्टी जोडून पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे ‘भारमान’: बसच्या एकूण आसनक्षमतेपैकी किती भाग प्रत्यक्ष भरला याची टक्केवारी. कोणती फेरी ठेवायची आणि कोणती बंद करायची याचा निर्णय आगारात मुख्यतः भारमान आणि दर किलोमीटरचे उत्पन्न पाहून होतो. दुसरी म्हणजे शाळेची सुट्टी. आडमार्गावरच्या कित्येक फेऱ्या विद्यार्थ्यांच्या पासांवर तग धरून असतात, त्यामुळे रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात त्या कमी होतात. आता हे दोन हिशेब शेजारी ठेवले की दिसते असे: विद्यार्थी नसल्यामुळे जी बस सुट्टीच्या दिवशी आगारात उभी राहते, तिच्यासाठी नेमके त्याच दिवशी दुसरे प्रवासी उपलब्ध असतात, पण ती बस सुटणार आहे हे त्यांना कळलेले नसल्यामुळे ते येत नाहीत, आणि ते येत नाहीत म्हणून भारमान दिसत नाही. अशा फेरीला नवीन बस लागत नाही, नवीन रस्ता लागत नाही. डिझेल, चालक-वाहकांची पाळी आणि महिनाभर आधी केलेली जाहिरात एवढेच लागते. महामंडळाच्या अडचणी, विशेषतः ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ च्या दीर्घ संपानंतरच्या, कोणालाही ठाऊक आहेत. तरीही ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढील ज्येष्ठांना मोफत आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाल्यावर एसटीकडे माणसे वळली, हे पाहता भाड्याइतकाच वेळेचा विश्वास दिला तर काय घडेल, याचा अंदाज बांधता येतो.

बहरोटचे उदाहरण या सगळ्याची नेमकी मांडणी करते. बोर्डीपासून आठेक किलोमीटरवर, सुमारे दीड हजार फूट उंचीच्या या डोंगरातील गुंफांना पारशी समाजाच्या इतिहासात असाधारण स्थान आहे. संजाणवर आक्रमण झाले तेव्हा तेथील पवित्र अग्नी, इराणशाह, पुरोहितांनी या डोंगरात आणून ठेवला आणि सुमारे बारा वर्षे तेथे जपला, अशी पारशी परंपरा सांगते. तोच अग्नी पुढे वांसदा, नवसारी असा प्रवास करत १७४२ मध्ये उदवाड्याला स्थिरावला. म्हणजे हा डोंगर एकाच वेळी तीर्थ आहे, इतिहासस्थळ आहे आणि अर्ध्या दिवसाची उत्तम चढाईही आहे. मुंबईहून मोटारीशिवाय येणाऱ्याने येथे कसे यावे? डहाणूपर्यंत लोकल, पुढे घोलवड किंवा बोर्डीपर्यंत मेमू, एसटी अथवा रिक्षा, आणि तेथून असावली धरणाच्या बाजूने पायथ्यापर्यंत ठरवून केलेली रिक्षा. शेवटच्या टप्प्याला शेअर रिक्षा मिळेलच असे नाही. जी रिक्षा सोडायला येते तिला परत न्यायलाही सांगून ठेवावे लागते, आणि चार-पाच तास थांबण्याचे भाडे एकट्यादुकट्याला परवडत नाही. सव्वाशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास एका साध्या तिकिटाच्या पैशांत होतो आणि शेवटच्या आठ किलोमीटरला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात.

गंभीरगडाची गोष्ट याहून बिकट आहे. कासामार्गे सायवनपर्यंत एसटीने आणि त्यापुढे पायी किंवा ठरवलेल्या जीपने जावे लागत असल्याने तो एका दिवसात उरकणे मोटार नसलेल्याला जिकिरीचेच आहे. महामार्गालगतचा अशेरीगड, जो पालघर तालुक्यात मोडतो, त्या मानाने सुलभ, कारण महामार्गावर उतरून चालू लागता येते. तलासरी तालुक्याचे मुख्य गाव महामार्गावर असले तरी तेथे रेल्वे नाही. जवळची सोयीची स्थानके, उंबरगाव रोड आणि संजाण, सीमेपलीकडे गुजरातेत आहेत, आणि कुर्झे धरणाचा विस्तीर्ण जलाशय किंवा झाईचा शांत किनारा पाहण्यासाठी दोन राज्यांच्या बससेवांची सांगड प्रवाशालाच घालावी लागते. किसान सभेच्या १९४५ च्या ज्या परिषदेपासून वेठबिगारीविरुद्धचा वारल्यांचा उठाव संघटित झाला, ते झरी गाव याच भागातले. त्या उठावाच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी हा सारा मुलूख पायी तुडवला होता. इतिहासाच्या अभ्यासकाला आजही तेथे फारसा दुसरा पर्याय नाही.

असे असूनही हे काम अशक्य नाही, याचा पुरावा याच तालुक्यात दर वर्षी दिला जातो. महामार्गावर, चारोटीच्या उत्तरेला काही किलोमीटरवर असलेल्या विवळवेढे येथील महालक्ष्मी ही आदिवासींसह या साऱ्या पट्ट्याची आराध्यदेवता असून तिची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून सुमारे पंधरा दिवस चालते. मंदिरामागच्या मुसल्या डोंगरावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडी गावच्या पुजाऱ्यांचा आहे. या दिवसांत एसटी जादा गाड्या सोडते, जीप-टेंपो अहोरात्र धावतात, माणसे पाड्यापाड्यांतून चालत येतात, आणि लाखोंचा हा समुदाय डोंगर चढतो, बाजार करतो, मोकळ्यावर जेवतो, तमाशा-पाळण्यांचा आनंद घेतो आणि घरी जातो. भक्ती आणि विहार यांची फाळणी शहरी माणसाने केली. यात्रेला जाणाऱ्याला तिची गरज कधी भासली नाही. मोटार नसलेल्या समाजाने निसर्गात जाण्यासाठी उभारलेली सर्वांत जुनी संस्था म्हणजे यात्रा होय, आणि तिची वाहतूक यशस्वी होते याचे कारण साधे आहे: तारीख सर्वांना आधी ठाऊक असते, गाडी मिळणार हे ठाऊक असते, आणि परतीचीही मिळणार हे ठाऊक असते. वर्षातले पंधरा दिवस जी शिस्त आगाराला जमते, तिचा लहानसा अंश उरलेल्या रविवारी का जमू नये, असे विचारणे म्हणूनच गैरवाजवी ठरत नाही.

जगात इतरत्र हा विचार नवा नाही. स्वित्झर्लंडमध्ये टपालखात्याच्या परंपरेतून आलेल्या पिवळ्या बस डोंगरातल्या गावांपर्यंत जातात आणि त्यांच्या वेळा रेल्वेच्या वेळांशी जुळवलेल्या असतात. अमेरिकेतील सिएटल शहराच्या परिसरात किंग काउंटीच्या परिवहन आणि उद्यान विभागांनी २०१७ मध्ये ‘ट्रेलहेड डायरेक्ट’ नावाची सेवा प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली, जी फक्त हंगामात आणि मुख्यतः शनिवारी-रविवारी प्रवाशांना डोंगरवाटांच्या तोंडाशी नेऊन सोडते; तिच्यामागचे एक कारण वाटांच्या तोंडाशी होणारी मोटारींची कोंडी हे होते. बोर्डीच्या अरुंद रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी अडकलेल्या मोटारींची रांग पाहणाऱ्याला हे कारण वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. महाराष्ट्रात माथेरानने मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबवूनही पर्यटन टिकवले आहे.

एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. सोय झाली की गर्दी होते, कचरा होतो, आणि नाजूक म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्रावर भार पडतो. शिवाय ज्या डोंगराला शहरी माणूस सहलीचे ठिकाण म्हणतो, तो पाड्यावरच्या माणसाचे गुरे चारण्याचे, सरपणाचे आणि देवाचे ठिकाण असतो. आक्षेप खरा आहे, पण तो बसपेक्षा मोटारीला अधिक लागू पडतो. मोटारीला जागा लागते, रुंद रस्ता लागतो, आणि तिच्यातून आलेला माणूस बहुधा डबा, पाणी आणि बाटल्या सोबत आणून पैसा न सोडता कचरा सोडून जातो. बसने आलेला पाहुणा मात्र गावातच चहा पितो, पिठलं-भाकरी मागतो आणि ताडाच्या झाडाखाली बसलेल्या बाईकडून ताडगोळे घेतो. रस्तेही निर्धोक नाहीत. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तो चारोटीजवळ, सूर्या नदीच्या पुलावर, मोटारीनेच प्रवास करताना. आणि त्याच महामार्गावर बसमधून उतरून पलीकडे जाऊ पाहणाऱ्या सामान्य पादचाऱ्याची स्थिती त्याहून असुरक्षित आहे. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाल्याने येत्या काळात येथे रुंद रस्ते आणि अवजड वाहने यांचीच भर पडणार, हे उघड आहे, आणि त्या नियोजनात पायी चालणाऱ्याची व बसने येणाऱ्याची नोंद आत्ताच झाली नाही तर नंतर ती करायला जागा उरणार नाही.

मागणी त्यामुळे मोठी नाही. डहाणू आगाराने ऑक्टोबर ते मार्च या कोरड्या हंगामात शनिवारी आणि रविवारी दोनच फेऱ्या चालवून पाहाव्यात: एक सकाळच्या लोकलला जोडून डहाणू रोड-बोर्डी-असावली अशी, आणि दुसरी डहाणू रोड-चारोटी-महालक्ष्मी-तलासरी अशी; दोन्हींची परतीची वेळ संध्याकाळच्या लोकलशी बांधलेली असावी. पश्चिम रेल्वेने डहाणू रोड आणि घोलवडच्या फलाटांवर या बसच्या वेळांचा मराठी फलक लावावा, आणि परिवहन कार्यालयाने कासा व बोर्डीच्या जीप-रिक्षांना ठरावीक मार्गाचे परवाने देऊन त्यांचे दर आणि शेवटच्या फेरीची वेळ नाक्यावर लिहून घ्यावी. हे तीनही निर्णय जिल्हा पातळीवरून सुरू करता येण्याजोगे आहेत, आणि एका हंगामाचे भारमान हाती आले की फेऱ्या ठेवायच्या की नाही हे आगाराला स्वतःच ठरवता येईल.